वस्तीत ब्राँझचं युद्धस्मारक उभारायचं असेल तर: यादीपासून देखभालीपर्यंत

नागपूर फौजेच्या सवयीचं शहर आहे. सीताबर्डीच्या किल्ल्यात आजही लष्कर आहे, कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. माजी सैनिकांचं घर नाही अशी वस्ती इथे शोधावी लागते. त्यामुळे २६ जुलै किंवा १६ डिसेंबरचा कार्यक्रम आटोपला, खुर्च्या उचलल्या गेल्या, की कोणीतरी म्हणतंच, "आपल्या भागातल्या जवानांचं एक स्मारक पाहिजे ना भाऊ." लगेच पहिला प्रश्न येतो: पुतळा किती फुटी?

या प्रश्नाची वेळ फार नंतर येते. हा लेख त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांविषयी आहे. डोळ्यांसमोर ठेवलंय ते मध्यम आकाराचं काम: साधारण आठ फुटी ब्राँझचा जवान, खाली दगडी चबुतरा आणि नावांचा फलक. अर्धपुतळा किंवा नुसता फलक करायचा असेल तरी पायऱ्या याच राहतात, फक्त क्रेन लहान लागते.

आधी यादी

समिती बनली की पहिले दोन-तीन महिने फक्त नावांना द्या. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून सगळे ते शेवटच्या आठवड्यात उरकतात आणि मग ब्राँझमध्ये चूक ओतली जाते.

कोणाची नावं घ्यायची हे कागदावर ठरवा. फक्त सैन्यदलं, की सीआरपीएफ आणि पोलिसही? नागपूरला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण गडचिरोलीत वीरमरण आलेल्या पोलिसांची घरं याच शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत आहेत. फक्त लढाईत गेलेले, की कर्तव्यावर असताना अपघातात, हिमस्खलनात गेलेलेही? लष्कराच्या नोंदीत 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' असे वेगळे प्रकार असतात. तुम्ही कोणताही निकष लावा, पण तो यादी करण्याआधी ठरलेला असू द्या. नंतर ठरवलात तर कोणाच्या तरी घरी जाऊन 'तुमचा मुलगा बसत नाही' असं सांगायची वेळ येईल. माझं मत विचाराल तर निकष रुंद ठेवावा. वस्तीच्या स्मारकाला दिल्लीचे नियम लावायची गरज नाही.

माहितीसाठी पहिला दरवाजा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा. वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता यांच्या नोंदी तिथे असतात. दुसरा मार्ग म्हणजे त्या त्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस, तिथे माजी सैनिक संघटनेच्या पत्रावर काम लवकर होतं. स्वातंत्र्यानंतर गेलेल्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या संकेतस्थळावर नावानुसार शोध घेता येतो. २५ फेब्रुवारी २०१९ ला त्या स्मारकाचं लोकार्पण झालं तेव्हा तिथल्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली होती. घरात पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धातल्या पणजोबांची गोष्ट सांगितली जात असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत पाहा.

प्रत्येक नावासमोर सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण, दिनांक, ठिकाण आणि मोहीम एवढे रकाने भरा. मग खरी मेहनत सुरू होते. लष्कराची कागदपत्रं इंग्रजीत असतात, आणि इंग्रजीतलं नाव परत देवनागरीत आणताना घोळ होतो. एकाच स्पेलिंगमधून काळे निघतात आणि काले निघतात, वानखडे निघतात आणि वानखेडे निघतात. विदर्भात ही दोन वेगळी घरं आहेत. म्हणून टाइप केलेला कागद घेऊन प्रत्येक घरी जा. मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच नाव. म्हातारी आई कागद डोळ्यांजवळ धरते, नावावरून बोट फिरवते, मधल्या नावावर थांबते आणि म्हणते, "हे यांचं नाव नोहे, हे त्यांच्या मोठ्या भावाचं." सर्व्हिस बुकातच चूक होती आणि ती सगळ्यांनी खरी धरली होती, असंही निघतं. अशा वेळी घरचं नाव फलकावर घ्या आणि कागदपत्रातलं नाव समितीच्या नोंदवहीत ठेवा. शेवटी त्याच पानावर कुटुंबाची सही घ्या.

नावांचा क्रम हुद्द्याप्रमाणे लावू नका. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं कबरींबाबतचं तत्त्व आठवा: मेजर असो की शिपाई, दगड सारखाच. वर्षानुसार किंवा अकारविल्हे लावा. पुढे येणाऱ्या नावांसाठी जागा सोडावी लागते, पण कोरी चौकट समोर ठेवू नका. सुट्टीवर आलेल्या जवानाची आई त्या कोऱ्या जागेकडे बघते. फलकांची रचनाच अशी करा की बाजूला नवा फलक बसवता येईल.

जागा आणि परवानगी

चौक सगळ्यांना हवा असतो. मिळणं मात्र अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या इतर जागांवर पुतळे किंवा बांधकामांना परवानगी देऊ नये असं राज्यांना बजावलं. त्यामुळे महापालिकेची किंवा नागपूर सुधार प्रन्यासची बाग, शाळेचं आवार, ग्रामपंचायतीची मोकळी जागा अशा ठिकाणी बघा. ते एका अर्थी बरंच आहे. चौकातल्या जवानाकडे लोक सिग्नल सुटेपर्यंत बघतात. बागेत माणूस नावं वाचतो.

जागा कोणाच्या मालकीची आहे ते सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरून पाहा, ऐकीव माहितीवर नको. विकास आराखड्यात ती कशासाठी आरक्षित आहे, रस्ता रुंदीकरणाची रेषा कुठून जाते, जमिनीखालून ड्रेनेज किंवा केबल जाते का, तेही पाहा. आणि पाणी कुठून वाहतं ते पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर अंबाझरी तलावाच्या सांडव्याजवळच्या स्वामी विवेकानंद स्मारकाच्या जागेचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे नागपूरकरांना सांगायला नको.

महाराष्ट्रात पुतळा उभारण्यासाठी २ मे २०१७ च्या शासन निर्णयातली मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचं ना-हरकत, जागेची कागदपत्रं, पुतळ्याच्या क्ले मॉडेलला (मातीच्या नमुन्याला) कला संचालनालयाची मान्यता, देखभालीची लेखी हमी असं सगळं जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत जातं. तुमचं काम पुतळ्याचं आहे की नुसत्या फलकाचं, यावर यातलं काय लागू होईल हे तिथे आधी विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या. क्ले मॉडेलच्या मान्यतेआधी ओतकाम सुरू करणारा शिल्पकार घाईत असतो. त्याच्या घाईत सामील होऊ नका.

दोन गोष्टी फलकावर घेऊ नका. एक, सिंहमुद्रा. राजचिन्हाच्या वापरावर २००५ चा कायदा आहे आणि वस्तीच्या समितीला तो अधिकार नाही. दुसरी, रेजिमेंटचं चिन्ह, निदान त्या रेजिमेंटला पत्र लिहून होकार येईपर्यंत. होकार आला तर ते चिन्हाचं अचूक रेखाटनही पाठवतात, तेच वापरा.

पैसा

नोंदणीकृत संस्था नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्या. गणेश मंडळांना हा रस्ता पाठ असतो, त्यांच्या खजिनदाराला बरोबर न्या. जमलेल्या रकमेतला दहावा हिस्सा पहिल्याच दिवशी देखभालीसाठी मुदत ठेवीत टाका. अनावरणाच्या मांडवाला त्याला हात लावू देऊ नका.

आणि कोनशिला. पाहुण्यांची, दात्यांची, समितीची नावं वेगळ्या दगडावर, मागच्या बाजूला, जवानांच्या नावांपेक्षा लहान अक्षरात. हा ठराव पैसे गोळा करण्याआधी करून घ्या. नंतर तो होत नाही.

आकृती ठरवताना

बंदूक उगारून धावणारा जवान सगळ्यांना आवडतो, पण ब्राँझमध्ये तो महाग पडतो. एका पायावर तोललेला पुतळा, पुढे आलेला हात, टोकाला संगीन, यांचा सगळा भार एका घोट्यावर येतो. शोक शस्त्र केलेला (रायफल उलटी टेकवलेला), मान खाली घातलेला जवान दोन पायांवर आणि जमिनीला टेकलेल्या रायफलवर उभा असतो. बांधायलाही सोपा, आणि माझ्या मते स्मारकाला शोभतोही तोच.

हा जवान कोणत्या काळातला, तेही ठरवा. १९६२ चा असेल तर हातात .३०३ रायफल, १९७१ चा असेल तर ७.६२ ची एसएलआर रायफल, कारगिलचा असेल तर इन्सास रायफल. १९६२ च्या जवानाला इन्सास देणं हे गांधीजींच्या हातात मोबाइल देण्यासारखं आहे, पण असे पुतळे उभे आहेत. कोणतंच युद्ध दाखवायचं नसेल तर माणूसच नको: उलटी रायफल, तिच्यावर हेल्मेट, खाली बूट. खर्च निम्म्याच्या खाली येतो आणि नावांच्या फलकासाठी पैसा उरतो.

अखंड ज्योतीच्या मागे लागू नका. इंडिया गेटची अमर जवान ज्योत २१ जानेवारी २०२२ ला राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत मिसळण्यात आली. तिथे गॅसपुरवठा आणि पहारा चोवीस तास असतो. वस्तीतली ज्योत पहिल्या सिलिंडरनंतर विझते आणि विझलेली ज्योत नसलेल्या ज्योतीपेक्षा वाईट दिसते.

शिल्पकार आणि करार

अंदाजपत्रक मागण्याआधी शिल्पकाराने दहा वर्षांपूर्वी केलेला पुतळा बघायला जा. नवीन पुतळे सगळेच छान दिसतात. जुन्याच्या बगलेत, पट्ट्याखाली, चबुतऱ्याच्या सांध्यात बघा: तपकिरी गंजाचे ओघळ आहेत का, जोड उघडे पडलेत का, रंग सोलतोय का.

करारात धातूचं मिश्रण टक्केवारीसह लिहून घ्या. नुसतं 'ब्राँझ' लिहू नका. पुतळ्यांसाठी सर्रास वापरतात ते म्हणजे तांबं ८५, कथील ५, शिसं ५, जस्त ५. कारखान्यात याला गनमेटल म्हणतात. जस्त वाढलं की ते पितळेकडे झुकतं, स्वस्त पडतं. ओतताना त्याच रसाचा एक टेस्ट पीस ओतून द्यायचा, अशी अट घाला. तो स्पेक्ट्रो तपासणीला द्यायचा, म्हणजे मिश्रणात कोणता धातू किती ते कळतं. नागपूरला व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्राचा विभाग आहे, तिथे चौकशी करा. भिंतीची जाडी ५ ते ६ मिलिमीटर, आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचा, वेल्डिंग टिग पद्धतीचं, हेही लिहा.

वजनाचा हिशोब तुम्हाला स्वतःला करता येतो. ब्राँझची घनता पाण्याच्या जवळपास ८.८ पट. सहा मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा म्हणजे साधारण ५३ किलो. कपडे, बूट धरून आठ फुटी जवानाचं पृष्ठभागाचं क्षेत्रफळ चार ते साडेचार चौरस मीटर भरतं. म्हणजे कवच सव्वादोनशे किलोच्या आसपास, जाड भाग आणि सांगाडा धरून अडीचशे ते साडेतीनशे. कोणी 'बाराशे किलो ब्राँझ' असं दरपत्रक दिलं तर कुठे लागणार ते विचारा, आणि कोणी 'ऐंशी किलोत करून देतो' म्हटलं तर तो तुम्हाला टरफल विकतोय. पैसे टप्प्यांनी द्या: करारावर २० टक्के, क्ले मॉडेल मंजूर झाल्यावर २०, मेणाची प्रत तपासल्यावर २५, तयार पुतळा भट्टीच्या आवारात पाहिल्यावर २५. उरलेले १० एक पावसाळा गेल्यावर.

मातीचं मॉडेल

मूळ आकारातलं मातीचं काम तयार झालं की तपासणीला तीन माणसं न्या: एक माजी सैनिक, शक्यतो ड्रिल शिकवलेला सुभेदार, एक शहिदाच्या घरचं कोणी, आणि एक माणूस जो फक्त फोटो काढेल. सुभेदारसाहेब चेहऱ्याकडे बघतच नाहीत. ते खाली वाकतात, बुटाच्या लेस बघतात, मग स्लिंग (खांद्याला अडकवायचा पट्टा) रायफलला कुठे अडकवलीय ते बघतात, मग हनुवटीखालचा पट्टा, मग छातीवरच्या पदकांची बाजू. पदकं डाव्या छातीवर असतात. आरशासमोर पोज देऊन काम केलेला शिल्पकार कधीकधी ती उजवीकडे लावतो. मातीत हे सगळं तासाभरात बदलता येतं. ब्राँझमध्ये बदलायचं म्हणजे कापणं.

धातू थंड होताना आकसतो, साधारण दीड टक्का. आठ फुटांमागे दीड इंच. अनुभवी शिल्पकार मॉडेल तेवढं मोठं करतो. त्याला विचाराच, उत्तरावरून माणूस कळतो.

ओतकाम

मातीवरून प्लास्टरचा किंवा रबराचा साचा, त्यातून मेणाची पोकळ प्रत, मेणाभोवती आगीत टिकणारं आवरण. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत रस ओततात. काही ठिकाणी वाळूच्या साच्यातही ओततात. मोठे सपाट भाग त्यात चालतात, पण चेहरा आणि हात मेणाच्या पद्धतीनेच करून घ्या.

समितीने भेट द्यायची ती मेणाच्या टप्प्यावर. ओतण्याच्या दिवशी जाणं हौसेचं आहे: मुशीतून अकराशे-बाराशे अंशांचा नारिंगी रस वाहताना बघायला छान वाटतं, पण तेव्हा बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं. मेणाच्या प्रतीला नळ्या लागलेल्या असतात, रस आत जायच्या आणि हवा बाहेर पडायच्या. कडेला कापलेल्या जागी मेणाची जाडी दिसते. तीच पुढे धातूची जाडी होणार. साध्या कॅलिपरने चार-पाच ठिकाणी मोजा.

पुतळा सहसा तुकड्यांत ओततात आणि मग जोडतात. जोड देताना भरणाही ब्राँझचाच हवा. पोटीन आणि रंगाने भरलेला जोड दोन उन्हाळे टिकतो. तयार पुतळ्याच्या आत टॉर्च मारून बघायला मागा. खिशात चुंबक ठेवा. ब्राँझला ते चिकटत नाही, आत साधं लोखंड असेल तर चिकटतं. लोखंड आणि ब्राँझ ओलाव्यात एकत्र आले की लोखंड झपाट्याने गंजतं, फुगतं आणि ब्राँझला आतून फाडतं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्या चौकशीत गंज आणि वेल्डिंगचेच प्रश्न पुढे आले. नागपूरला समुद्र नाही, खारी हवा नाही, म्हणून इथे हेच व्हायला जास्त वर्षं लागतील एवढाच फरक.

शेवटचा रंग हा रंग नसतो. गरम धातूवर रसायनं लावून पृष्ठभागाचा रंग आणतात: फेरिक नायट्रेटने तपकिरी, पोटॅशियम सल्फाइडने काळसर, तांब्याच्या क्षाराने हिरवा. वर मेणाचा हात. नमुन्याचे तुकडे मागवा आणि ते दुपारच्या उन्हात नेऊन बघा. नागपूरच्या उन्हात काळसर पुतळ्याचा चेहरा नुसता काळा गोळा दिसतो. मध्यम तपकिरी घ्या.

पाया आणि चबुतरा

इथे नागपूरची जमीन कामाला येते, किंवा नडते. शहर दोन खडकांच्या सीमेवर आहे. पश्चिमेकडे बेसाल्ट, पूर्वेकडे जुना ग्नाइस, कामठीच्या बाजूला वाळूचा दगड. वरून बऱ्याच भागात काळी माती. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर ठेवलेला चबुतरा पहिल्या तीन वर्षांत कलतो. काळी माती पूर्ण काढून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जायचं, बाजूंनी मुरूम भरायचा आणि मग पीसीसी (साधं काँक्रीट), आरसीसी (सळ्यांचं काँक्रीट). स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं ड्रॉइंग घ्या, 'आपला ठेकेदार माहितीतला आहे' यावर थांबू नका.

इंजिनिअर वाऱ्याचा हिशोब करेल. वाऱ्याच्या भारतीय मानकात नागपूरचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलो. पुतळ्याची समोरची बाजू दीड चौरस मीटर धरली तरी पावणेदोनशे किलोचा आडवा धक्का, तोही अर्ध्या उंचीवर. तो सगळा पायाच्या बोल्टांनी पेलायचा आहे. बोल्ट स्टेनलेसचे आणि सांगाड्यातून खाली काँक्रीटमध्ये खोल गेलेले हवेत, नुसत्या बुटाच्या तळाला धरलेले नकोत.

चबुतऱ्याची उंची आजच्या रस्त्यावरून मोजू नका. सिमेंट रस्ते झाल्यापासून आपल्याकडे घरं खाली गेली आणि रस्ते वर आले, ते सगळ्यांनी पाहिलंय. पुढच्या रस्त्यासाठी फूटभर जास्त धरा आणि पाणी चबुतऱ्यापासून दूर जाईल असा उतार द्या. ब्राँझवरून आलेलं पाणी फिक्या दगडावर हिरवे ओघळ सोडतं, म्हणून पांढरा संगमरवर टाळा. काळा किंवा गडद करडा ग्रॅनाइट चालतो. पुतळ्याच्या तळाशी आतलं पाणी बाहेर यायला भोक ठेवलंय ना, हे बसवण्याच्या दिवशी स्वतः बोटाने तपासा. मिस्त्री ते सिमेंटने बुजवतो, कारण त्याला ते चुकीचं वाटतं.

अक्षरं

देवनागरी फलक बिघडतो तो संगणकापासून ओतशाळेपर्यंतच्या रस्त्यात. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की जोडाक्षरं सुटतात. कुऱ्हाडे, वऱ्हाडे अशी आडनावं आधी तपासा, तिथे रफार हमखास चुकीचा लागतो. युनिकोडमध्ये टाइप करा, मग अक्षरांच्या आकृत्या करून फाइल द्या, आणि मूळ आकाराची कागदी प्रिंट भिंतीला लावून कुटुंबांना पुन्हा एकदा बोलवा.

अक्षराची उंची २० मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. लहान अक्षरात 'भ'चा 'म' आणि 'घ'चा 'ध' होतो, कारण पोकळी धातूने भरून जाते. उठावाची अक्षरं कोरीव अक्षरांपेक्षा इथे बरी, कोरीव खाचांत धूळ बसते. फलक मागून बोल्टने बसवा, समोर स्क्रूची डोकी दिसली की रात्रीतून ती उघडली जातात. भंगारात ब्राँझला भाव आहे. संगीन आणि रायफलची नळी त्याच कारणाने भरीव आणि अंगाशी जोडलेली ठेवा.

अनावरण

हिवाळ्यात ठेवा. मे महिन्यात उघड्या ब्राँझला हात लावता येत नाही आणि मंडपात बसलेल्या वीरमातांचं वय सत्तरीच्या पुढे असतं. पहिली रांग त्यांची. भाषणं नंतर.

देखभाल, म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा इथली औष्णिक वीज केंद्रं आहेत. हवेत राख आणि गंधकाचा अंश असतो, त्यावर पाखरांची विष्ठा. हे सगळं ओल्यात धातू खातं. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळी पुतळा धुवा: साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, वरून खाली. पूर्ण वाळू द्या. उन्हाने धातू कोमट झाला की मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात कापडाने लावा आणि तासाभराने चमकवा. उन्हाळ्यात करू नका, मेण नुसतं वितळून धुळीला चिकटतं.

पितांबरी, चिंच, लिंबू, राख, तारेचा ब्रश, यातलं काहीही नाही. घरातला तांब्या चमकतो म्हणून जवान चमकवायचा नसतो. वरचा तपकिरी थर गेला की धातू उघडा पडतो. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री सोनेरी ऑइल पेंट घेऊन येणारा उत्साही कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत असतो. त्याला हार आणायला पाठवा. हार मात्र संध्याकाळी उतरवा, कुजलेल्या फुलांचा रस आम्ल असतो. दूध, कुंकू, तेलाचा दिवा पुतळ्यावर नको. अभिषेकाची हौस असेल तर पाण्याचा करा आणि लगेच पुसा.

दर पावसाळ्यानंतर एकाच जागेवरून चार बाजूंचे फोटो काढून नोंदवहीला जोडा, म्हणजे बदल कळतो. सर्वत्र पसरलेला घट्ट हिरवा थर बहुधा धोक्याचा नसतो. फिका हिरवा, बोटाला भुकटी लागणारा ठिपका वेगळा: तो क्षारांमुळे होतो आणि आत खोदत जातो. तो खरवडू नका, त्यावर मेणही लावू नका, त्या जागेला पाणी लागू देऊ नका. फोटो काढून इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या नागपूर शाखेशी किंवा लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेशी संपर्क साधा, आणि तोवर ती जागा कोरडी ठेवा.